विचारा बिनधास्त : पाण्यावरचं विमान शिकायचंय

प्रश्न : दादा, मी बामणोलीचा. घरची बोट आहे, कोयनेच्या शिवसागर जलाशयावर पर्यटकांना तापोळ्याला, वासोट्याला नेतो. बारावी सायन्स झालीय. २०२० ला गुजरातच्या सीप्लेनचा व्हिडिओ बघितला तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. डायरेक्ट सीप्लेन शिकता येतं का?
– एक वाचक, ता. जावळी

उत्तर : डायरेक्ट नको बघू, आधी साधं चाकांचं विमान. बारावीला फिजिक्स-मॅथ्स असेल तर रस्ता मोकळा आहे, नसेल तर ते विषय ओपन बोर्डातून देता येतात. पण फी भरायच्या आधी मेडिकल करून घे, लोक उलटं करतात आणि मग डोळ्यात नाहीतर कानात काहीतरी निघतं. हौसेचं प्रायव्हेट लायसन ४० तासांचं, नोकरीसाठीचं कमर्शियल २०० तासांचं, आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, तेव्हा घरी बसून नीट बोला. फ्लाइंग स्कूल बारामतीला आहे, लांब जायला नको.

सीप्लेन हे त्याच्यावरचं जोड-शिक्षण. अमेरिकेत तर हातात तिथलं लायसन असलं की सीप्लेनसाठी वेगळी लेखी परीक्षा नाही, तासांची अट नाही, इन्स्ट्रक्टरने तयार आहे म्हणून सही दिली की उडवून दाखवायचं. दोनतीन दिवसात लोक मोकळे होतात. फ्लोरिडात विंटर हेवनला जुन्या पायपर कब ह्या छोट्या विमानावर शिकवणारी नावाजलेली शाळा आहे.

आता तुझ्या कामाचं सांगतो. उडणं तेच आहे रे, नवीन असतं ते पाणी. सीप्लेनला पाण्यात ब्रेक नाही. इंजिन चालू केलं की ते निघालंच, म्हणून दोर सोडायच्या आधी कुठं जायचं ते डोक्यात पाहिजे. विमानाखाली चाकांच्या जागी होडीसारखे पोकळ फ्लोट असतात, त्यांच्या मागं छोटी सुकाणू असतात, ती हळू चालताना खाली सोडायची आणि उडायच्या आधी आठवणीने वर घ्यायची. रोज सकाळी फ्लोटच्या कप्प्यांतलं पाणी पंपाने उपसायचं. वारं असलं की विमान आपोआप वाऱ्याकडं तोंड करतं, आणि जास्तच असलं तर इंजिन बंद करून वाऱ्यावर मागं मागं नेतात, कधी दारं उघडून त्याचंच शीड करतात! जेट्टीला लावताना इंजिन आधीच बंद, उरलेलं अंतर वाहत जायचं. शहरातल्या पोराला हे शिकायला वेळ लागतो, तू हे रोज करतोस, तेव्हा ह्या बाबतीत तू पुढं आहेस असंच मी म्हणेन.

नोकरीचं मात्र खरं सांगायला पाहिजे. गुजरातची ती साबरमती ते केवडिया सेवा ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली आणि २०२१ मध्ये बंद पडली. आपल्याकडं २०१४ ला जुहूवरून पवना धरणावर सीप्लेन उतरलं होतं, तेही टिकलं नाही. त्यामुळं फक्त भारताच्या भरवशावर राहू नको. मालदीवमध्ये ट्विन ऑटर ह्या दोन इंजिनांच्या सीप्लेनचा मोठा ताफा आहे, तिथले पायलट अनवाणी विमान चालवतात, तुला ते जमेलच.

प्रश्न : नमस्कार. संथ पाण्यावर उतरणं सगळ्यात सोपं असेल ना? मग आयर्विन पुलाजवळ आपल्या कृष्णेवर का नाही उतरवत?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, इथंच सगळे फसतात. आरशासारखं पाणी सगळ्यात वाईट! आभाळ आणि काठ त्यात दिसतो पण पाणी नेमकं किती खाली आहे ते डोळ्याला कळत नाही, मग कोणी उंचावरच नाक वर ओढून विमान आपटतं, कोणी नाक खाली ठेवून थेट घुसतं. म्हणून अशा वेळी अंदाज करायचाच नाही. काठाच्या जवळून समांतर यायचं, म्हणजे उंचीला काहीतरी आधार मिळतो, नाक किंचित वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण दीडशे फूट असं खाली येत राहायचं, फ्लोट पाण्याला लागेपर्यंत तसंच. ह्याला लांबच लांब पाणी लागतं. उडतानाही संथ पाणी फ्लोटला धरून ठेवतं, बारीक लाटा असल्या तर उलट लवकर सुटतं.

आणि कृष्णेवर, पुलाजवळ? वरती पूल, घाटावर माणसं, पुरात वाहत आलेली लाकडं पाण्याखाली. नको सर. त्यातही चाकं आणि फ्लोट दोन्ही असलेलं विमान चाकं खाली ठेवून पाण्यात उतरवलं तर पालथं होतं, म्हणून पायलट उतरायच्या आधी चाकं वर आहेत हे मोठ्याने बोलून खात्री करतात.

प्रश्न : मुलगा सीप्लेन शिकायच्या हट्टाला पेटलाय. त्याला पोहायला येतं, तेवढं पुरे ना?
– एक आई, वाई

उत्तर : ताई, पोहणं चांगलंच, पण विमान पालथं झालं तर पोहण्याच्या आधी बाहेर पडणं येतं. उलटं लटकून, पाण्याखाली, दार कुठं हे समजत नाही. त्यासाठी वेगळं ट्रेनिंग मिळतं, टाकीत खोटं केबिन उलटं करून. एका हाताने दाराजवळची पक्की वस्तू धरायची, मग पट्टा सोडायचा, आधी पट्टा सोडला की दिशा हरवते. लाइफ जॅकेट आत असताना कधीच फुगवायचं नाही, फुगलेल्या जॅकेटमुळं माणूस आतल्या आत वर दाबला जातो आणि दारापर्यंत खाली जाताच येत नाही. बाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा, बोटीत नाही पण प्रवासी म्हणून कुठल्याही विमानात बसला तरी हेच लागू आहे.