व्हिक्टोरियन इंग्रजी वाचताना ओळखीच्या शब्दांपासून सावध
अनोळखी शब्दांना घाबरू नकोस, ते कोशात सापडतात. 'अँटीमॅकॅसर' घे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले, पुरुष केसांना मॅकॅसर तेल चोपडायचे, खुर्चीच्या पाठीला डाग पडायचे. ते पडू नयेत म्हणून टाकलेलं कापड म्हणजे अँटीमॅकॅसर.

खरे फसवतात ते ओळखीचे शब्द. 'मेकिंग लव्ह' म्हणजे आज शरीरसंबंध, तेव्हा मात्र नुसतं प्रियाराधन, गोडगोड बोलणं. दिवाणखान्यात, सगळ्यांदेखत हे काय चाललंय, म्हणून मी पहिल्यांदा चांगलाच दचकलो होतो! 'वाँट' म्हणजे बऱ्याचदा उणीव. आणि 'हॅन्सम' (hansom) दिसला तर तो देखणा (handsome) नव्हे, दोन चाकांची घोडागाडी; जोसेफ हॅन्समने १८३४ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश अधूनमधून चाळ. त्यातल्या अर्थांची इंग्रजी त्याच काळातली आहे, शिवाय मराठी शब्द हाताशी असतोच.