खुर्चीत बसून गुडघ्यांना बळ

सांधेदुखीबद्दल नाशिकमधल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहे.

"एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांतली गॅप कमी झालेली दिसते. घरचे म्हणतात, वंगण संपलंय, आता हलवाल तेवढं झिजेल. खुर्चीत बसून तरी व्यायाम करू का?" (महिला, ६८, सिडको)

जरूर करा, ताई. हलवलं की झिजतं या भीतीपायी माणसं बसून राहतात आणि गुडघे आणखी आखडतात. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि सांधा हलला, दाबला गेला, सुटला की तो द्रव तिच्यात झिरपतो. हालचाल थांबली की मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. मग चालताना त्यानं पेलायचा भारही गुडघ्यावर येतो. शिवाय एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसूनही फारसं न दुखणारी माणसं असतात. त्या फिल्मवरून स्वतःला अपंग ठरवू नका.

पाठ टेकून बसा. एक पाय सावकाश सरळ करा, पंजा स्वतःकडे ओढा. मांडीवर हात ठेवून पाहा, स्नायू घट्ट झालेला लागला पाहिजे. पाच अंक मोजेपर्यंत धरा आणि मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. बीपी असलेल्यांनी हे फार जपावं. पाय खाली आणतानाही सावकाश, धपकन टाकायचा नाही. एका पायानं ८ ते १० वेळा. पूर्ण सरळ होत नसेल तर होईल तितकाच करा. मग पायाखाली फडकं घेऊन टाच फरशीवर मागे-पुढे सरकवा, त्यानं आखडलेपणा सुटतो.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. पण दोन तासांनंतरही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला असेल, तर संख्या निम्मी करा. निम्मी करा म्हणते, बंद करा म्हणत नाही.

"प्लास्टिकची खुर्ची चालेल का? सोफा?" (पुरुष, ७५, इंदिरानगर)

सोफा नको, त्यात माणूस रुततो. प्लास्टिकची खुर्ची हलकी असते, गुळगुळीत फरशीवर सरकते. लाकडी किंवा लोखंडी, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तळपाय पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजेत.

"सासूबाईंच्या दोन्ही हातांची बोटं सुजलीत. सकाळी दीड-दोन तास मूठच वळत नाही. खुर्चीतले व्यायाम सुरू करू का?" (महिला, ४१, नाशिकरोड)

आधी डॉक्टरांकडे न्या, शक्यतो संधिवाततज्ज्ञांकडे. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासाहून जास्त टिकला, दोन्ही हातांची बोटं सुजली, तर आमवाताची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची शंका घ्यावी लागते. त्यावर वेळेत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात, म्हणून घरगुती उपायांत महिने घालवू नका. व्यायाम त्या औषधांच्या जोडीला. एखादा सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून व्यायाम करवतच नाही." (महिला, ७०, गंगापूर रोड)

पहाटेचा हट्ट कशाला? नाशिकच्या थंडीत ऊन अंगावर येईपर्यंत थांबा. आधी पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. पिशवी टॉवेलात गुंडाळा, आणि मधुमेहानं पायांची जाणीव कमी झाली असेल तर शेकूच नका.

"रोज गंगेवर (गोदावरीवर) जायचो. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना गुडघा धरतो, म्हणून कित्येक महिने घरीच आहे. या व्यायामांनी पुन्हा जाता येईल का?" (पुरुष, ७२, पंचवटी)

काका, तुमचं गंगेवर जाणं सुटू नये असं मलाही मनापासून वाटतं. पण नुसतं बसून पाय हलवल्यानं ते होणार नाही. पायऱ्यांसाठी लागणारी ताकद खुर्चीतून उठण्यात आहे. खुर्चीच्या कडेला सरका, पावलं थोडी मागे घ्या, छाती पुढे झुकवा आणि उठा. बसताना त्याहून सावकाश बसा, कारण पायऱ्या उतरताना मांडीला नेमकं हेच काम पडतं. सुरुवातीला हातांचा आधार घ्या, खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. सवय झाली की उशी काढा, मग हात कमी करा. दिवसाआड पाच वेळांपासून सुरू करून दहापर्यंत जा.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. हातांचा आधार न घेता दहा वेळा उठता येईपर्यंत घाटाच्या वरच्या रस्त्यावरूनच दर्शन घ्या. त्यानंतरही ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकट्यानं उतरू नका, घरातल्या कुणाला तरी सोबत न्या.