तारीख पुढे गेली म्हणजे बाळाची वाढ कमी आहे का?

प्रश्न : माझी शेवटची पाळी १० जूनला आली. त्यावरून प्रसूतीची तारीख १७ मार्च निघाली, पण अकराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीने २५ मार्च दिली. बाळाची वाढ कमी असेल का? माझी पाळी ३५-३६ दिवसांनी येते.

उत्तर : काळजी करू नका, कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस, म्हणजे साधारण २८० दिवस मिळवायचे, हा हिशेब २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. त्यात स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं असं धरलेलं असतं. तुमचं बीज आठवडाभर उशिरा सुटलं, म्हणून बाळाचं वयही तेवढं कमी भरतं.

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या गर्भांची लांबी जवळजवळ सारख्याच वेगाने वाढते. त्यामुळे त्या काळातली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. २५ मार्च हीच तारीख धरा आणि फाइलवर ठळक लिहून घ्या. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख आली, तरी ही बदलायची नाही. तेव्हाचा फरक बाळाच्या वजनाबद्दल सांगतो, वयाबद्दल नाही. चुकीची तारीख धरली तर ४१ आठवडे झाले म्हणून कळा आणायचं ठरेल, आणि खरे ४० सुद्धा भरलेले नसतील! बाकी, ठरल्या दिवशीच बाळंत होणाऱ्या थोड्याच. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही कळा येऊ शकतात.

प्रश्न : सातवा महिना आहे, हिमोग्लोबिन १०.२. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, मळमळतं. बंद केली तर चालेल?

उत्तर : मनाने बंद करू नका. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, त्याने अपाय नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपण्यापूर्वी, थोडं खाऊन घ्या. चहा, कॉफी, दूध यांच्यापासून दोन तास लांब. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं, आणि बहुतेकींचं इथेच चुकतं. सोबत संत्र्यासारखं आंबट फळ खाल्लं तर शोषण सुधारतं. तरीही त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडून गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलून घ्या आणि महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधडलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.