टी ला सूत्राचा 'कर्ता' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या फिजिक्सच्या वहीत 'मेक टी द सब्जेक्ट ऑफ द फॉर्म्युला' आहे, तर मराठीत 'टी ला सूत्राचा कर्ता करा' चालेल का. नका म्हणू हो. आपल्याकडे कर्ता म्हणजे क्रिया करणारा, आणि टी तिथे काहीच करत नाही, बरोबरच्या चिन्हाअलीकडे एकटा असतो एवढंच. 'विषय' तर त्याहून परका वाटतो. बोलताना सरळ 'टी काढा' किंवा 'टी एका बाजूला घ्या' म्हणावं, लिहायचं असेल तर 'टी ची किंमत बाकीच्या राशींत मांडा'.

मला खरी काळजी दुसऱ्याच वाक्याची वाटते, 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं'. हे फक्त बेरीज-वजाबाकीला लागू आहे. व्ही = यू + ए टी घ्या, व्ही म्हणजे अंतिम वेग 25, यू म्हणजे सुरुवातीचा 5, ए म्हणजे त्वरण 2, आणि टी म्हणजे लागलेला वेळ. यू पलीकडे जाऊन वजा झाला, 20 राहिले, इथवर ठीक, पण मग मुलं ए लाही तसंच चिन्ह बदलून नेतात आणि 18 लिहून मोकळी होतात. उत्तर 10 सेकंद, कारण ए टी ला गुणतोय, त्याला उलटवायचं तर भागावं लागतं. एककं लिहिली असती तरी चूक दिसली असती, वेगातून त्वरण वजा होतच नाही.

म्हणून मला 'पलीकडे नेणं' पेक्षा 'विलोम', म्हणजे उलट, हा शब्द फार आवडतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत विलोमविधी दिलाय: भागलंय तिथे गुणा, गुणलंय तिथे भागा, वर्ग असेल तर मूळ, मूळ असेल तर वर्ग, अधिकाचं उणं आणि उण्याचं अधिक, आणि सुरुवात 'दृश्य' म्हणजे हाती असलेल्या उत्तरापासून. क्रमही उलटा. जाताना टी ला आधी ए ने गुणलं मग यू मिळवला, तर परतताना आधी यू वजा, मग ए ने भाग.

मुलीला लंबकाचं सूत्र देऊन बघा, आंदोलनकाळ (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) = 2 पाय (π) गुणिले (लांबी भागिले जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण) चं वर्गमूळ, आणि लांबी काढायला सांगा. 2 पाय ने भागायचं, वर्ग करायचा, जी ने गुणायचं. आंदोलनकाळ 2 सेकंद आणि जी 9.8 धरला तर लांबी साधारण 99 सेंटीमीटर येते. तेवढा दोरा आणि एक जड नट घेऊन घरीच मोजता येईल.