‘पाकिटातलं खायला घालून मीच त्याचे पाय घालवले का?’

म्हातारा कुत्रा उठताना कण्हायला लागला की घरच्यांचं लक्ष आधी त्याच्या ताटलीकडे जातं. ड्राय फूड बंद करून घरी शिजवलेलं सुरू केलं तर सांधे सुधारतील का, असं विचारणारे पालक माझ्याकडे नेहमी येतात. मी पशुवैद्यक आहे आणि आता मुख्यतः आहारसल्ल्याचंच काम करते. त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा बंड्या दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. बसल्या जागेवरून उठायला त्याला दोन-तीनदा जोर लावावा लागे, जिना तर त्याने सोडलाच होता. त्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दोन्ही खुब्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांधे झिजल्याचा संधिवात, असल्याचं सांगितलं होतं आणि वेदनाशामक गोळी सुरू केली होती. बाई माझ्याकडे आल्या त्या वही घेऊनच. चिकन-भात-गाजर, हाडांचं सूप, जवसाचं तेल, हळद, सगळं वळणदार अक्षरात मांडलेलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, ‘गोळी कधी बंद करायची?’

मग हळूच विचारलं, “इतकी वर्षं पाकिटातलं घातलं, म्हणून झालं का हो हे?”

नाही. लॅब्रॅडॉरच्या खुब्याचा संधिवात बहुतेक वेळा पिल्लूपणीच सुरू झालेला असतो. खुब्याची वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोळा एकमेकांत नीट बसत नाहीत, सांधा सैल राहतो आणि वर्षानुवर्षं झिजत जातो. याला हिप डिसप्लेसिया म्हणतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. अन्न पाकिटातलं की पातेल्यातलं, यावर ते ठरत नाही. ते किती पोटात जातं, यावर मात्र पुष्कळ ठरतं. हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं. मनात अपराधी भावना असली की पहिल्यांदा सांगितलेलं कानात शिरत नाही.

बंड्या उभा होता. त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवायला मी बाईंना सांगितलं. आधी स्वतःचा एक हात सपाट धरून त्या हाताच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवून बघा, म्हटलं. हाडं सहज लागतात, पण टोचत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या अशाच लागायला हव्यात. बंड्याच्या बरगड्या शोधायला बाईंना बोटं चांगलीच दाबावी लागली. वजन भरलं ३६ किलो. त्याच्या हाडापेराला ३० च्या आसपास पुरे होतं.

मग खाण्याचा हिशेब काढला. पाकिटावर लिहिलेलं पूर्ण माप तो खात होताच. दुखणं कळल्यापासून त्यावर चिकन-भात सुरू झाला होता. गोळी चीजच्या तुकड्यात दडवून जायची आणि साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, भरवायचे ती बिस्किटं वेगळी. यातलं काहीच निष्काळजीपणाने झालेलं नव्हतं. त्याला बरं वाटावं म्हणूनच सगळे भरवत होते.

वजनावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडं जास्त जगले आणि त्यांना संधिवातावर उपचारांची गरजही बरीच उशिरा पडली. आधीच लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांत तर सहा-सात टक्के वजन उतरलं की चालीत फरक दिसतो, असंही आढळलंय. बंड्याच्या बाबतीत म्हणजे सव्वादोन-अडीच किलो.

“मग वहीतलं काहीच नको?” बाई जरा हिरमुसल्या.

नको असं नाही, पण वहीत एक मोठी गफलत होती. चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये ते जेमतेम १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस मात्र दोनशेच्या वर. महिनोन्महिने असं चाललं की शरीर कमी पडणारं कॅल्शियम हाडांतून ओढून घेतं. हाडांच्या सुपाने ते भरून निघेल ही समजूत सगळीकडे आहे, पण उकळून हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. शिवाय त्यांच्या सुपात कांदा-लसूण होता. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, तेव्हा तो आधी बंद करायला लावला. शिजलेली हाडंही द्यायची नाहीत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

जवसाच्या तेलातलं ओमेगा-३ सांध्यांना उपयोगी पडणाऱ्या रूपात बदलायला कुत्र्याला फारसं जमत नाही. त्यासाठी माशाचं तेल हवं, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, कारण जास्त झालं की पोट बिघडतं. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यातून अ आणि ड जीवनसत्त्व नको इतकं जाऊ शकतं. हळदीबद्दल मी वाद घालत नाही. चिमूटभराने बिघडत नाही, पण ती गोळीची जागा घेत नाही.

बाईंपुढे दोन वाटा ठेवल्या. एक, वजन उतरवायचं पाकीटबंद अन्न मोजून द्यायचं आणि दिवसाच्या कॅलरीतला दहावा हिस्सा घरच्या शिजवलेल्याचा. दुसरी, सगळंच घरचं. मला पहिली सोपी वाटत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत एखादं तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. बाईंनी दुसरी निवडली. “मोजायला मी चुकायची नाही,” म्हणाल्या, आणि वही बघून ते मला पटलं.

तीस किलोच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ९०० कॅलरी धरल्या. शिजलेलं बिनकातडीचं चिकन ३०० ग्रॅम, शिजलेला भात १५० ग्रॅम, तेवढाच लाल भोपळा आणि फरसबी, साठेक ग्रॅम शिजवलेला, काटे काढलेला तेलकट मासा, चमचाभर तेल, आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड साधारण अर्धा चहाचा चमचा. हे तुमच्या कुत्र्यासाठी उतरवून घेऊ नका. एवढ्यावरही जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमीच पडतात. खाणं कमी केलं की ती तूट आणखी वाढते, म्हणून बंड्याला कुत्र्यांसाठीचं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण मोजून सुरू केलं. चिकन मात्र कमी केलं नाही. म्हातारपणी स्नायू गळतात आणि दुखऱ्या सांध्याला आधार स्नायूंचाच असतो. बदल आठवडाभर थोडा-थोडा केला. वाटीचं माप बंद, वजनकाटा सुरू. साहेबांना भरवायला बिस्किटांऐवजी फरसबीच्या शेंगा दिल्या. ते कुरकुरले, बंड्या कुरकुरला नाही.

वजन आठवड्याला एक-दीड टक्क्याने उतरू दिलं. काही महिन्यांत तो ३२ वर आला आणि पहिल्या झटक्यात उठायला लागला. जिन्यावर आम्ही त्याला पाठवतच नाही. घसरत्या फरशीवर चटई आली, नखं वेळेवर कापली जातात. गोळी बंद झालेली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून मात्रा कमी केली, आणि ती आता भरल्या पोटी मासळीच्या घासातून जाते. एका रात्री तो फार कण्हत होता तेव्हा घरातली माणसांची गोळी देऊ का, म्हणून बाईंचा फोन आला होता. अजिबात नाही, म्हटलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते.

परवा त्यांचा निरोप आला, रोज एक उकडलेलं अंडं चालेल का? चालेल. त्याच्या साधारण सत्तर कॅलरी होतात, तेवढ्यासाठी भात पन्नासेक ग्रॅमने कमी करा, असं कळवलं.