वर्डमध्ये तांत्रिक शब्दांखाली सारख्या लाल रेघा येतात. तपासणी बंद न करता त्या कमी कशा करायच्या?

आधी बघा, रेघा तुरळक शब्दांखाली आहेत की अख्ख्या परिच्छेदाखाली? अख्खा परिच्छेद लाल असेल तर बहुतेक वेळा शब्द बरोबरच असतात, भाषेची खूण चुकलेली असते. वर्ड मजकुरासोबत त्याची भाषा नोंदवून ठेवतं आणि दुसरीकडून चिकटवलेला मजकूर बऱ्याचदा आपली खूण घेऊनच येतो. मजकूर निवडा, रिव्ह्यू टॅबमधल्या लँग्वेजखाली 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडा आणि योग्य भाषा द्या. कोडच्या तुकड्यांसाठी तिथेच 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' आहे. कोडसाठी वेगळी स्टाइल वापरत असाल तर ही सूचना त्या स्टाइलमध्येच घालून ठेवा, दर वेळी निवडत बसावं लागणार नाही.

तुरळक शब्दांसाठी राइट क्लिक करून 'अ‍ॅड टू डिक्शनरी' करता येतं, पण जरा जपून. घाईत एखादं चुकीचं स्पेलिंग त्यात गेलं की वर्ड त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढत नाही. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज इथे जाऊन 'एडिट वर्ड लिस्ट'मधून ते काढता येतं. मी तर प्रत्येक मोठ्या कामासाठी तिथेच वेगळा शब्दकोश करतो आणि काम संपलं की यादीतली त्याच्यापुढची टिक काढतो. एक लक्षात ठेवा: भाषेची खूण फाइलबरोबर जाते, शब्दकोश मात्र तुमच्या संगणकावरच राहतो. सहकाऱ्याला लाल रेघा नको असतील तर त्याला ती शब्दकोशाची फाइलही द्यावी लागेल.

संपूर्ण कॅपिटल अक्षरांतले शब्द वर्ड मुळातच सोडून देतं, त्यामुळे तुमचे बरेचसे संक्षेप सुटतात. पण कॅपिटलमधल्या मथळ्यातली चूकही तशीच सुटते! म्हणून छपाईआधी मी कॅपिटल शब्द सोडून देण्याचा पर्याय थोडा वेळ बंद करतो.

व्याकरणासाठी प्रूफिंगमध्येच 'रायटिंग स्टाइल'शेजारी सेटिंग्ज आहे. तांत्रिक लेखनात कर्मणी प्रयोगावरून टोकणं बंद केलेलं बरं. एकाच शब्दाची द्विरुक्ती दाखवणारा पर्याय मात्र चालू राहू द्या.

उलटी सोयही आहे. 'मॅनेजर'च्या स्पेलिंगमधला दुसरा 'ए' गळला तरी उरलेला शब्द इंग्रजीत खरा असल्यामुळे लाल रेघ येत नाही. असे शब्द वगळण्याच्या यादीत, म्हणजे 'यूप्रूफ' फोल्डरमधल्या त्या-त्या भाषेच्या 'एक्सक्लूड डिक्शनरी' फाइलमध्ये, एका ओळीत एक असे लिहा. नोटपॅडमध्ये ती उघडते. वर्ड बंद करून पुन्हा सुरू केलं की त्या शब्दांखाली रेघ येऊ लागेल.