दोन बाजू आणि एक कोन समान असूनही माझी सिद्धता चुकीची का ठरली?

दोन त्रिकोण एकरूप आहेत हे सिद्ध करताना तुम्ही दोन बाजू आणि एक कोन समान दाखवून 'बाकोबा कसोटी' (बाजू-कोन-बाजू) लिहिलीत. तो कोन त्या दोन बाजूंच्या मधला होता का, ते आधी पाहा. बाकोबामधला 'को' मध्ये आहे तो उगीच नाही.

मी शिकवताना इथे थेट कंपास हातात देतो. तुम्हीही काढून बघा. ब पासून एक किरण आखा, ब पाशी ३०° चा कोन करा आणि दुसऱ्या किरणावर ८ सेमीवर अ घ्या. आता कंपासमध्ये ५ सेमी अंतर घेऊन अ वरून कंस मारा. तो खालच्या किरणाला दोनदा छेदतो: ब पासून साधारण ३.९ सेमीवर आणि ९.९ सेमीवर. यातल्या कुठल्याही बिंदूला क म्हणा. दोन्ही वेळा अब ८, अक ५ आणि कोन ब ३०°, पण त्रिकोण मात्र दोन, एक आखूड आणि एक लांबट. हे डोळ्यांनी पाहिलं की 'बाबाको' नावाची कसोटी का नाही हे पुन्हा विचारावं लागत नाही.

मग काटकोन त्रिकोणात कर्ण-भुजा कसोटी (कर्ण आणि एक बाजू समान) कशी चालते? ब पाशी ९०° करा, अब ३ आणि अक ५ घ्या. कंस किरणाला एकदाच छेदतो, ४ सेमीवर. दुसरा छेद किरणाच्या मागच्या बाजूला जातो आणि तिथला त्रिकोण म्हणजे याचंच प्रतिबिंब.

दुसरी चूक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, ती संगतीची. युक्लिडने बाकोबा सिद्ध केली ती एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून, म्हणजे कोणता शिरोबिंदू कुठे बसतो हे ठरवूनच. समजा, रेख अब आणि रेख कड परस्परांना म मध्ये दुभागतात. अम = बम, कम = डम हे पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत आहे; कोन अमक आणि कोन बमड हे विरुद्ध कोन आहेत, आणि ते बरोबर मध्ये आहेत. म्हणून △अमक ≅ △बमड. हेच △अमक ≅ △डमब असं लिहिलं तर अम = डम असा अर्थ होतो, आणि तसं कुठेच दिलेलं नाही. क्रम नीट असला की अक = बड लगेच मिळतं. कोन मअक = कोन मबड हे व्युत्क्रम कोन असल्याने अक आणि बड समांतरही निघतात.

तुमच्या आकृतीत कोन मधला नसेल तर गणित तिथेच सोडू नका. समांतर रेषा दिल्या असतील तर आणखी एक कोन निघतो आणि कोबाको किंवा कोकोबा लागू होते. सामाईक बाजू असेल तर तिसरी बाजू मिळून बाबाबा होते का पाहा.